आर्जव, निर्जरा, समकित... बाळाचं नाव ठेवताना

हल्ली बारशाच्या आमंत्रणावर नावाबरोबर अर्थही छापलेला असतो. 'रेयांश' म्हणजे सूर्याचा अंश. आता रवि आणि अंश यांचा संधी 'रव्यंश' होतो, रेयांश नाही. पण मोबाईलवर तसं लिहिलंय ना, मग झालं! वर्गात दुसरं कुणी त्या नावाचं नको, एवढीच अट. आणि शाळेत गेल्यावर त्याच वर्गात तीन रेयांश निघतात.

वेगळा शब्द नाव म्हणून ठेवण्याला माझा विरोध नाही, उलट मला ते फार आवडतं. आपल्याकडे ते जुनंच आहे. आधीची मुलं दगावली की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू म्हणायचे. ओबडधोबड नावं खरी, पण त्यात आईचा जीव होता. आणि 'नकुशी'? तोही शब्दच. नको असताना झालेली. साताऱ्यात 2011 साली अशा 285 मुलींना समारंभ करून नवी नावं दिली. तोवर हजेरी घेताना रोज त्यांना काय ऐकावं लागत असेल! म्हणून म्हणते, नावाला अर्थ असतो आणि तो मुलाला ऐकू येतो.

आपल्या धर्मात तर अशा शब्दांचं भांडार आहे. दशलक्षण पर्वातले दहा धर्मच घ्या. क्षमा, सत्य, संयम ही नावं रुळलेली. मार्दव म्हणजे मृदुपणा, किती गोड! आर्जव म्हणजे मनाचा सरळपणा; पण मराठीत आर्जव म्हणजे विनवणी, तेव्हा मुलाला दोन्ही अर्थ सांगायची तयारी हवी. चौथा धर्म शौच, लोभ सुटून मन निर्मळ होणं. अर्थ सुंदर, पण कोण ठेवील? (शाळेत त्या पोराचं काय होईल, विचारूच नका.) निर्जरा, म्हणजे साचलेली कर्मं झडून जाणं, हे नाव मला मनापासून आवडतं.

माझं मत एवढंच की, जो शब्द घरात मुळात बोलला जातो तोच ठेवावा. यादीतून उचललेला अर्थ सहा महिन्यांत आईबाबाच विसरतात. स्वाध्यायात, पूजेत, जेवताना कानावर पडणारा शब्द मूल न शिकवता शिकतं. शिवाय बारशाला आत्याला तो कानात नीट म्हणता आला पाहिजे, आणि आजीला गॅलरीतून हाकही मारता आली पाहिजे. आमच्या सासूबाईंना 'हृयान' काही केल्या जमत नाही. समकित मात्र सहज येतं.

भाचीला पुढच्या महिन्यात बाळ होईल. मुलासाठी समकित आणि अनेकांत यांत अजून वाद चालू आहे. मुलगी झाली तर क्षमा, हे तिनं केव्हाच ठरवलंय.