बोलेल हो, घाई काय आहे?

गेल्या रविवारी एका बारशाला गेलो होतो. पंगतीत शेजारच्या काकू आपल्या सव्वादोन वर्षांच्या नातवाबद्दल सांगत होत्या, "अजून एक शब्द बोलत नाही. पण याचा बाबाही तिसऱ्या वर्षीच बोलला, आणि आता बघा, अमेरिकेत आहे!" सगळे हसले. माझ्या मात्र घशाखाली जिलबी उतरेना.

कारण हेच वाक्य आमच्या घरात दीड वर्ष चाललं होतं. आणि ते म्हणणाऱ्यांत मीही होतो.

ताईचा मुलगा दोन वर्षांचा झाला तरी जेमतेम 'मम' म्हणायचा. काही हवं असलं की हात धरून ओढत न्यायचा. जेवण म्हणजे मिक्सरमधून काढलेला वरणभात, तोही मोबाईलवर गाणी लावून. शीत जिभेला लागलं की ओकारी. ताई काळजीत, आणि मी शहाणा मामा तिला सांगतोय, "ताई, चिल! उगाच गुगल करत बसू नकोस." तीन पूर्ण झाल्यावर प्लेस्कूलच्या बाईंनी विषय काढला, तेव्हा कुठे आम्ही हललो.

आता मला सांगा, टेस्टरने बग दाखवला आणि तुम्ही म्हणालात, "होईल आपोआप नीट, मागच्या प्रोजेक्टमध्येही झाला होता", तर मॅनेजर काय करेल? मग पोराच्या बाबतीत हे लॉजिक कसं चालतं?

तुम्ही म्हणाल, काही मुलं खरंच उशिरा बोलतात. मान्य. त्यातली बरीच आपोआप सावरतातही. पण कोणती सावरणार आणि कोणती नाही, हे पंगतीत बसून कळत नाही राव! तपासून काही निघालं नाही, तर तुमचा एक शनिवार गेला. निघण्यासारखं असून तपासलंच नाही, तर भाषा शिकायची सगळ्यात चांगली वर्षं गेली.

ढोबळ खुणा अवघड नाहीत. 12 महिन्यांपर्यंत बडबड किंवा बोट दाखवणं नाही, 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, 2 वर्षांपर्यंत दोन शब्द जोडणं नाही, किंवा येणारे शब्द गेले, तर थांबायचं नाही. आधी कान तपासायचे, मग स्पीच थेरपिस्ट. थेरपिस्टची आरसीआय नोंदणी आहे ना, तेही बिनधास्त विचारायचं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे. सरकारच्या 2013 पासूनच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमातही अशी तपासणी आहे.

डोक्यात जाणारा दुसरा सल्ला: "दोन भाषांमुळे गोंधळतो, घरी फक्त इंग्रजी बोला." दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. उलट दिवसभर त्याच्याशी गप्पा मारणाऱ्या आजीचं तोंड मात्र तुम्ही बंद करता.

आणि तिसरा: "भूक लागली की खाईल." घास तोंडात फिरवणं, चावणं, गिळणं हे मूल शिकतं. वर्ष उलटलं तरी सगळं मिक्सरमधूनच जात असेल, किंवा पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल, तर ते लाडाचं प्रकरण नसतं. त्याचीही थेरपी असते. आमच्याकडे पहिले तीन नियम साधे होते: जेवताना मोबाईल बंद, जबरदस्ती बंद, आणि वरणभात मिक्सरऐवजी काट्याने कुस्करायचा, दर आठवड्याला थोडा कमी. बोलण्यासाठी एकच: प्रश्न विचारला की गप्प बसून दहापर्यंत मोजायचं. हे आमच्या घरात सगळ्यात अवघड गेलं!

भाचा आता पाच वर्षांचा आहे. पोळीभाजी खातो. 'र' अजून जमत नाही, थेरपी चालू आहे. परवा मला म्हणाला, "मामा, तू खूप बोलतोश." खरं आहे. नको तेव्हा बोललो होतो.

असो. त्या काकूंना मी बाजूला घेऊन हे सगळं सांगितलं. त्यांना राग आला. येऊ दे. पुढच्या पंगतीत कुणी "बोलेल हो" म्हणालं, तर तुम्हीही हसून सोडून देऊ नका.