चार राज्यांचा एक दगड

बांधावरचा दगड रातोरात वीतभर सरकला, तरी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. मग चार राज्यांच्या सीमेवरचा दगडच अर्धा किलोमीटर चुकीच्या जागी निघाला तर?

अमेरिकेत नेमके असेच घडले आहे. युटा, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना ही चार राज्ये नैर्ऋत्येकडच्या ओसाड पठारावर एका बिंदूत मिळतात. चार राज्ये एकत्र येण्याचे हे त्या देशातले एकमेव ठिकाण. येथे येणारे प्रवासी दोन हात दोन राज्यांत आणि दोन पाय उरलेल्या दोन राज्यांत टेकवून हौसेने फोटो काढून घेतात. जागेची व्यवस्था नवाहो आदिवासींकडे आहे.

३७ अक्षांश आणि वॉशिंग्टनच्या पश्चिमेला ३२ रेखांश जेथे छेदतात, तो हा बिंदू असे ठरले होते. त्यानुसार १८७५ साली चँडलर रॉबिन्स या भूमापकाने तेथे वालुकाश्माचा दगड रोवला. साधने म्हणजे दुर्बीण, आकाशातले तारे आणि मोजणीची साखळी! १८९९ मध्ये तो दगड फुटलेला आढळला, तेव्हा त्याच जागी दुसरा बसवला गेला. आज तेथे ग्रॅनाइटमध्ये जडवलेली कांस्याची चकती आहे.

२००९ साली वर्तमानपत्रांत बातमी झळकली, की ही खूण अडीच मैल चुकली आहे! पण चूक बातमीचीच होती. जुने रेखांश वॉशिंग्टनपासून मोजलेले होते, ग्रीनिचपासून नव्हे. खरा फरक निघाला सुमारे ५५० मीटरचा.

मग दगड हलवला का? मुळीच नाही. राज्यांनी वर्षानुवर्षे मानलेली, जमिनीवर आखलेली सीमा हीच कायद्याने खरी, मागाहून चूक सापडली तरीही. १९२५ साली न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडोच्या वादात तेथील सर्वोच्च न्यायालयाने नव्या मोजणीची रेषा बाजूला ठेवून १८६८ ची जुनी रेषाच कायम केली. प्रत्येक नव्या मोजणीबरोबर सीमा सरकू लागली, तर कोणाचे घर कोणत्या राज्यात, हे कधीच ठरणार नाही.

दगड चुकला खरा, पण चौघांनी तो मानला. म्हणूनच आज तेथे तंटा नाही, फोटो काढणाऱ्यांची रांग आहे.