पैसा आहे, पण काढता येत नाही: नोकरदाराच्या निवृत्तीच्या पैशात प्रायव्हेट इक्विटी नको

दोन आठवड्यांपूर्वी न्यू जर्सीहून आतेभावाचा फोन आला. तिकडे आयटीत आहे, माझ्यापेक्षा लहान. म्हणाला, "दादा, तू बीबीए केलंयस, व्हिडिओ बनवतोस, एक सांग. आमच्या 401-के मध्ये आता प्रायव्हेट इक्विटी येणार म्हणतात. चांगलं आहे का?" आमच्या बीबीएला 401-के चा धडा नव्हता, पण प्रश्न डोक्यातून जाईना. रोज दुकान बंद केल्यावर वाचत बसलो. माझं मत स्पष्ट आहे: साध्या नोकरदाराच्या म्हातारपणाच्या पैशात ही गोष्ट नको. आणि का नको, हे आपल्या दुकानदारांना पटकन कळेल.

आधी विषय समजून घेऊ. 401-के म्हणजे अमेरिकेतल्या नोकरदाराचं निवृत्तीचं खातं. पगारातून पैसे कापले जातात, बऱ्याच ठिकाणी कंपनीही थोडे घालते. आपल्या पीएफसारखं वाटतं, पण मोठा फरक आहे. पीएफवर दरवर्षी व्याज जाहीर होतं, 2024-25 साठी ते 8.25 टक्के होतं. 401-के मध्ये असं काही जाहीर होत नाही. बाजार देईल ते तुमचं, आणि तोटा झाला तर तोही तुमचाच.

प्रायव्हेट इक्विटी, म्हणजे पीई, काय करते? लोकांकडून पैसे गोळा करते, वर भरपूर कर्ज काढते, शेअर बाजाराबाहेर कंपन्या विकत घेते आणि काही वर्षांनी विकते. पैसे साधारण दहा वर्षं अडकतात. आजवर हा श्रीमंतांचा आणि मोठ्या संस्थांचा खेळ होता. 401-के मध्ये कायद्याने थेट बंदी नव्हती, पण कामगार आपल्यावर खटला भरतील या भीतीने कंपन्या लांब राहायच्या. 7 ऑगस्ट 2025 ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला, की ही वाट सोपी करण्यासाठी कामगार खात्याने नियमांचा फेरविचार करावा.

आता माझी गोष्ट. माझे वडील साखर कारखान्यात होते. 2016 ला निवृत्त झाले आणि पीएफचे सहा लाख माझ्या स्टेशनरी-खेळण्यांच्या दुकानात घातले. मी त्यांना अभिमानाने सांगायचो, "बाबा, तुमच्या सहाचे आता नऊ झालेत." हा नऊचा आकडा कुणी काढला? मीच. माल खरेदीच्या भावाने धरला, फर्निचर धरलं, थोडं गुडविलही धरलं. मार्च 2020 मध्ये जूनच्या सीझनचा माल भरला आणि लॉकडाऊन लागला. शाळाच बंद, तर वह्या-दप्तरं कोण घेणार? त्याच पावसाळ्यात बाबांचं ऑपरेशन निघालं. होलसेलरला फोन केला, तर तो निम्म्या किमतीलाही माल परत घ्यायला तयार नव्हता. शेवटी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या. बाबा एका शब्दानेही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. चूक माझीच होती. पैसा बुडाला नव्हता, पण हवा तेव्हा तो काढताही येत नव्हता.

पीईचा पहिला धोका नेमका हाच. शेअरचा भाव रोज बाजार ठरवतो. पीईच्या ताब्यातल्या कंपनीची किंमत मात्र बऱ्याच अंशी तिच सांभाळणारी मंडळी ठरवतात, मी नऊ लाख ठरवले तशी. खरेदीदार समोर उभा राहीपर्यंत ती किंमत कागदावरच. आणि सध्या खरेदीदार कमी आहेत. 2022 पासून व्याजदर वाढले, कर्ज काढून कंपन्या घेणं महाग झालं. बेन या सल्लागार कंपनीच्या 2025 च्या अहवालानुसार जगभरातल्या पीईवाल्यांकडे सुमारे 29 हजार न विकलेल्या कंपन्या पडून आहेत. आपल्या भाषेत, गोडाऊन भरलंय.

गंमत बघा. विद्यापीठांच्या निधीने पीईत जायचा पायंडा पाडला तो अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने. त्याच येलने 2025 मध्ये आपले पीईमधले काही हिस्से विकायला काढले. जुने गिऱ्हाईक माल परत करतंय आणि त्याच वेळी दुकानाबाहेर नवा बोर्ड लागतोय, "आता सर्वांसाठी खुले". असा बोर्ड दिसला की आपण दुकानदार लगेच सावध होतो.

दुसरा मुद्दा फीचा. पीईचा जुना रिवाज "दोन आणि वीस" असा आहे. दरवर्षी रकमेच्या दोन टक्के, वर नफ्याचे वीस टक्के. साध्या इंडेक्स फंडाचा खर्च एक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी असू शकतो. फक्त दोन टक्क्यांनी काय होतं? 7 टक्क्यांनी 30 वर्षांत एका लाखाचे साधारण 7 लाख 61 हजार होतात, 5 टक्क्यांनी 4 लाख 32 हजार. कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघा. पीईवाले म्हणतात, फी कापूनही आम्ही जास्त देतो. काही जण देतातही, पण ते चांगले फंड सामान्य माणसाच्या वाट्याला येतील का, मला शंका आहे.

समोरच्या बाजूचं एक म्हणणं खरं आहे. अमेरिकेत शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या 1996 च्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आल्यात. वाढ बाजाराबाहेर होत असेल तर नोकरदाराला त्यात वाटा का नको? कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या कॅलपर्स या पेन्शन फंडाने तर 2024 मध्ये 17 टक्के पीईत ठेवायचं धोरण ठरवलं होतं. पण तिथे पेन्शन ठरलेली असते. पीई फसली तर खड्डा सरकारी मालकाला भरावा लागतो, आणि फीवर घासाघीस करायला त्यांची स्वतःची माणसं आहेत. आतेभावाकडे कोण आहे?

बरं, पीई त्याच्या खात्यात येईल ती "टार्गेट डेट" फंडाच्या पोटातून. निवृत्तीचं वर्ष लिहिलेला हा तयार फंड. बहुतेक जण तो निवडत नाहीत, नोकरीला लागताना आपोआप मिळतो. त्यात 5 ते 20 टक्के खाजगी गुंतवणूक ठेवायच्या योजना आहेत, म्हणजे बाकीचे पैसे मोकळे, असं सांगितलं जातं. पण मंदीत सगळेच पैसे मागायला लागले की फंड आधी काय विकणार? जे विकलं जातं ते. डेड स्टॉक मागे थांबलेल्यांच्या गळ्यात. आपल्याकडे एप्रिल 2020 मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने सहा डेट फंड बंद केले, त्यात पीई नव्हती, पण अडचण हीच होती. पैसे पुढे टप्प्याटप्प्याने मिळाले, पण पहिला हप्ता आला फेब्रुवारी 2021 मध्ये.

आणि हा पैसा जातो कुठे तेही बघा. टॉईज आर अस ही अमेरिकेतली खेळण्यांच्या दुकानांची मोठी साखळी. 2005 मध्ये केकेआर, बेन कॅपिटल आणि व्हॉर्नेडो यांनी ती सुमारे 6.6 अब्ज डॉलरला घेतली, बहुतेक पैसा कर्जाचा, आणि ते कर्ज कंपनीच्याच डोक्यावर. ऑनलाइन स्पर्धा होतीच, पण हप्ते भरता भरता दुकानं सुधारायला पैसा उरला नाही. 2017 मध्ये दिवाळखोरी, 2018 मध्ये अमेरिकेतली दुकानं बंद, 30 हजारांहून जास्त नोकऱ्या गेल्या. खेळणी विकणारा माणूस म्हणून मला ही गोष्ट झोंबते. एका कामगाराच्या निवृत्तीच्या पैशातून दुसऱ्याचं दुकान बंद पडावं, हे कुठलं गणित?

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? आपल्याकडे सेबीने अशा फंडांसाठी, म्हणजे एआयएफसाठी, साधारण किमान एक कोटीची अट ठेवली आहे, त्यामुळे तुमच्या-माझ्या दारात हे लगेच येणार नाही. पण तुमचं दुकान हीच तुमची पीई आहे. बाजारात भाव नाही, पटकन विकलं जात नाही, वर कर्ज. बाबांच्या ऑपरेशननंतर मी दर महिन्याच्या 5 तारखेला, माल भरायच्या आधी, ठरलेली रक्कम दुकानाबाहेर काढतो. पीपीएफ आणि साधा इंडेक्स फंड, बस्स. सीझनला हात शिवशिवतात, तरी त्याला हात लावत नाही.

आतेभावाने परवा खातं उघडून बघितलं. सगळे पैसे 2055 च्या टार्गेट डेट फंडात. "दादा, हा मी कधी निवडला तेच आठवत नाही." मी म्हटलं, ऑफिसला ईमेल करून दोनच गोष्टी विचार, यात खाजगी गुंतवणूक किती टक्के आहे किंवा येणार आहे, आणि एकूण खर्च किती. त्याने विचारलंय. उत्तर अजून यायचंय.