सुरळीचा हट्ट

गोंदियाहून उत्तरेला निघाले की वैनगंगेच्या काठी बालाघाट लागते. जिल्हा मध्य प्रदेशातला, पण आपल्यासारखाच सीमेवरचा. तिथे मलांजखंडला १९८२ पासून हिंदुस्थान कॉपरची तांब्याची खाण आहे आणि शहराजवळ भरवेलीला ‘मॉयल’ची मँगनीजची. तिथले मँगनीज मुख्यतः पोलादासाठी जाते. पण तांबे आणि मँगनीज ही जोडी आपल्या घरातही नांदते, मोबाइलच्या चार्जरमध्ये! तारेची सुरळी तांब्याची, आणि तिच्या पोटातला काळा गाभा बहुधा लोह, मँगनीज व जस्त यांच्या ऑक्साइडांचा. या गाभ्याला फेराइट म्हणतात आणि अशा सुरळीला इंडक्टर. कन्नडमधली ‘सुरुळि’ आणि आपली ‘सुरळी’ या तशा बहिणीच.

या सुरळीचा स्वभाव जात्यासारखा. जाते सुरू करायला जोर लागतो आणि फिरू लागले की ते एकदम थांबत नाही. सुरळीतून वीज वाहू लागली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. वीज वाढू लागली तर ते अडवते, कमी होऊ लागली तर साठवलेली शक्ती परत देते. जुन्या ट्यूबलाइटचा चोक हेच करायचा. स्टार्टर सुटला की चोक उसळून मोठा दाब द्यायचा, नळी पेटायची; मग तोच चोक वीज आवरून धरायचा.

हा हट्ट हेन्री या एककात मोजतात. वेढे दुप्पट केले तर तो साधारण चौपट होतो. मग वेढे वाढवतच का जाऊ नये? कारण तार लांबते आणि तापते. शिवाय प्रत्येक गाभ्याला मर्यादा असते. वीज त्यापलीकडे गेली की गाभा ‘भरतो’, सुरळीचा हट्ट संपतो, प्रवाह उसळतो आणि शेजारचा ट्रान्झिस्टर जळतो. दुरुस्तीत ‘तेवढेच हेन्री आहेत ना, चालेल’ म्हणून बसवलेला भाग असाच दगा देतो.

बहुतेक कामांना बाजारातला तयार इंडक्टर पुरतो. तो स्वस्त पडतो आणि बिघडला तर पुन्हा मिळतो. खास बनवून घ्यायची वेळ येते ती हवे तेवढे हेन्री आणि हवी तेवढी वीज एकाच तयार भागात मिळत नाही तेव्हा, जागा अडचणीची असते तेव्हा, किंवा आकार कामानेच ठरवलेला असतो तेव्हा. बेळगाव-कोल्हापूरच्या फाउंड्रीतली इंडक्शन भट्टी पाहा. तिची सुरळी तांब्याच्या पोकळ नळीची असते, आतून थंड पाणी फिरते आणि तिचे माप भट्टीच्या मापावरून ठरते. ती दुकानातल्या फळीवर कशी मिळणार?

घरच्या मुलाने लहान उद्योग काढला असेल आणि वाइंडिंगवाल्याकडे सुरळी करायला टाकायची असेल, तर पाच गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: हेन्री किती, वीज जास्तीत जास्त किती, ती सेकंदाला किती वेळा बदलते, जागा किती आणि आसपास उष्णता किती. नुसता जळका नमुना दाखवून ‘अशीच द्या’ म्हटले, तर कारागीर वेढे मोजून देईल. पण ती पहिल्यांदा का जळली, हे त्याला कसे कळणार?