शब्द एक, अर्थ दोन

पुण्याकडील नवी सून परभणी-हिंगोलीकडे नांदावयास आली कीं, ‘मामंजी आखाड्यावर गेले आहेत’ हें ऐकून चकित होते. साठीचे मामंजी कुस्ती काय खेळणार? तिनें तसें विचारतांच घरांत हशा पिकतो. आमच्या कुंभार पिंपळगांवाहून पूर्वेस त्या बाजूला आखाडा म्हणजे शेतांतील गुरें-अवजारें ठेवण्याची जागा. पुण्याकडे मात्र पहिलवानांचा हौदा.

मग खरा अर्थ कोणता? दोन्ही. संस्कृतांत ‘अक्ष’ म्हणजे फासा, ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. ‘अक्षवाट’ हें द्यूताचें, तसेंच मल्लांचें स्थान. त्याचाच आखाडा झाला. एका मुलखानें त्यांतील मल्ल राखले, दुसऱ्यानें नुसतें आवार राखलें असें दिसतें. ‘वाटिके’ची वाडीहि अशीच: कोंकणांत नारळी-पोफळीची बाग, देशावर लहान खेडें, मुंबईच्या गिरगांवांत चाळींचा समूह.

तेव्हां सुनेच्या प्रश्नाला हंसण्यापूर्वी, तिच्या माहेरीं त्या शब्दाचा अर्थ काय, हें वडील मंडळींनीं विचारावें. पहिल्या आठवड्यांतील हशानें कित्येक मुलींचें बोलणें वर्षभर मिटलेलें आम्हीं पाहिलें आहे. आपला अर्थ तिला सांगावा, तिचा आपण ऐकावा. एका शब्दाचे दोन अर्थ घरांत नांदल्यानें कोणाचें कांहीं उणें होत नाहीं.