वचन देण्यापूर्वी
वर्गात सहाध्यायी रडण्याचे सोंग करतो. समुपदेशनाच्या प्रात्यक्षिकात समोरचे अश्रू खरे असतात. अशा वेळी पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या ओठांवर चटकन येते, 'मी कुणालाही सांगणार नाही.' हे वचन देऊ नये. अठरा वर्षांखालील मुलीने लैंगिक अत्याचाराची हकिकत सांगितली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मग वचनही मोडते आणि मुलीचा विश्वासही. म्हणून गुप्तता कुठवर पाळता येईल, हे पहिल्याच भेटीत सोप्या शब्दांत सांगावे. घरी मैत्रिणीला समोर बसवून त्याचा सराव करावा. अडल्यास मार्गदर्शकांना त्याच दिवशी विचारावे. आपण शिकाऊ आहोत, हेही लपवू नये. त्यात कमीपणा नाही. खोट्या दिलाशापेक्षा खरे बोलणेच दुःखी माणसाला आधार देते.