कपड्यावर नाव कोणाचं?



३० मार्च २०२३ रोजी मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर 'डिओर' या फ्रेंच कंपनीचा फॅशन शो झाला. "त्याचा आपल्या शाळेशी काय संबंध?" असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे, आणि तो थेट कार्यानुभवाच्या तासाशी आहे.

त्या कपड्यांची बेतणी पॅरिसची, पण भरतकाम मुंबईच्या 'चाणक्य' या कार्यशाळेतल्या कारागिरांचं. गेटवेला लावलेलं भलंमोठं तोरणही त्यांनीच भरलेलं. हे काम कसं चालतं ते मुलांना जरूर सांगा. आधी कागदावर नक्षी काढायची, रेषांवर बारीक भोकं पाडायची, वरून पूड फिरवून ती कापडावर उतरवायची. मग लाकडी चौकटीवर कापड ताणून आरीने, म्हणजे टोकाला आकडी असलेल्या सुईने, टाके घालायचे. यात माप आलं, सममिती आली, रंगसंगती आली. आपण फळ्यावर जे शिकवतो तेच की हे!

मुंबईत हे काम वर्षानुवर्षं बहुतेक पुरुष कारागीरच करत आले. 'चाणक्य'ने २०१६ मध्ये शाळा काढून स्त्रियांना ही कला शिकवायला सुरुवात केली. परंपरा आणि नवी बेतणी यांची सांगड अशी घातली जात असेल, तर मला ती चांगलीच वाटते. कला नुसती जपून टिकत नाही, तिला गिऱ्हाईक लागतं.

पण सांगड घालताना नाव घेतलं पाहिजे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही जून २०२५ मध्ये 'प्राडा'ने मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या, तेव्हा कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. टीका झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केलं. डिओरने कार्यशाळेचं नाव घेतलं, हे चांगलं झालं. पण टाका घालणाऱ्या कारागिराचं नाव कपड्याच्या लेबलवर आजही नसतं.

आता आपल्या वर्गाकडे या. पालकांचा व्यवसाय विचारला की एखादी मुलगी हळूच म्हणते, "आई काही करत नाही, घरीच असते." आणि तीच आई रात्री अकरापर्यंत लोकांच्या साड्यांना फॉल-पिको करत असते, ब्लाउज शिवत असते! मुलीला हे काम वाटत नाही, कारण आपणही तिला ते काम म्हणून कधी दाखवलं नाही. कार्यानुभवाचा तास शिष्यवृत्तीच्या सरावाला देऊन टाकतो, तेव्हा मुलं यातून काय शिकत असतील? हाताचं काम दुय्यम असतं, हेच ना?

म्हणून एवढं करून पाहा. गावातल्या शिंप्याला, भरतकाम करणाऱ्या ताईंना वर्गात बोलवा. त्यांना 'सर', 'मॅडम' म्हणा, फळ्यावर त्यांचं पूर्ण नाव लिहा. मुलांना माप घेऊ द्या, दोन टाके घालू द्या. जमेल तर त्यांना थोडं मानधनही द्या. आणि पालकहो, घरी जे काम करता ते मुलांना शेजारी बसवून दाखवा. त्यात लाजायचं काय?

तुमच्या वर्गात कोण आलं, मुलांनी काय विचारलं, ते नक्की कळवा.